किल्ली कुणाकडे? घरातल्या डब्यांच्या फर्मवेअरची गोष्ट



आज ज्या वस्तूंबद्दल बोलायचं आहे त्या तुमच्या दिवाणखान्यातच आहेत. टीव्ही, त्याच्या मागे खोचलेली स्ट्रीमिंगची कांडी, इंटरनेटचा राउटर, आणि खणात पडून असलेला, वीस वर्षांपूर्वी हौसेनं घेतलेला एमपीथ्री प्लेअर. या प्रत्येकात एक छोटा संगणक असतो आणि त्याला चालवणारा एक कायमचा बसवलेला प्रोग्रॅम असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. हा शब्द अॅशर ओप्लर यांनी १९६७ साली ‘डेटामेशन’ मासिकातल्या एका लेखात वापरला. हार्डवेअर म्हणजे न बदलणारं, सॉफ्टवेअर म्हणजे सहज बदलता येणारं, आणि या दोघांच्या मधलं ते फर्मवेअर. ओप्लर यांना अभिप्रेत असलेला अर्थ आजच्यापेक्षा बराच मर्यादित होता, पण शब्द टिकला.

कंपनी म्हणते, हे फर्मवेअर तुम्ही बघू नका, हात लावू नका, आम्ही पाठवू तेव्हा नवीन घ्या. गेल्या पंचवीस वर्षांत जगभरातल्या काही हौशी लोकांनी हे ऐकलं नाही. त्यांनी फर्मवेअर उघडलं, बदललं, पुन्हा बांधलं आणि यंत्रात परत घातलं. आजची गोष्ट त्यांची आहे. ऐकायला तांत्रिक वाटेल, पण तिच्या मुळाशी साधा प्रश्न आहे: पैसे मोजून घरी आणलेली वस्तू नक्की कुणाची?

आधी हे उघडणं-बांधणं म्हणजे काय ते समजून घेऊ. कंपनीच्या साइटवरून जी अपडेटची फाइल उतरते तिला फर्मवेअरची इमेज म्हणतात. आपला पितळी पुडांचा डबा डोळ्यांपुढे आणा. सगळ्यात वर एक चिठ्ठी असते. हा डबा कोणत्या मॉडेलचा, एकूण लांबी किती, कुठला पुडा कुठे सुरू होतो. त्याखालच्या पुड्यात कर्नल, म्हणजे यंत्राच्या मेमरी, चिप आणि तारांशी बोलणारा गाभा. त्याखाली फाइल सिस्टिम: मेनू, चित्रं, फॉन्ट, आवाज, छोटे-मोठे प्रोग्रॅम. ही फाइल सिस्टिम बहुतेक वेळा स्क्वॅशएफएससारख्या पद्धतीनं दाबून, घट्ट भरलेली असते, कारण जागा फार कमी. २००० नंतरच्या काळात अख्खं यंत्र चार मेगाबाइटच्या फ्लॅश चिपवर चालायचं. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही कधीकधी त्याहून मोठा असतो.

पुडा उघडायचा, आतला फॉन्ट किंवा एखादा प्रोग्रॅम बदलायचा, पुन्हा तेवढ्याच जागेत दाबून बसवायचा, आणि वरची चिठ्ठी नवीन लिहायची. इथेच नवखे अडकतात, कारण चिठ्ठीवर एक बेरीजही असते. वाणी सामानाच्या यादीखाली बेरीज लिहितो तशी आतल्या सगळ्या आकड्यांवरून काढलेली एक संख्या. तिला चेकसम म्हणतात. आतली एक गोष्ट बदलली की बेरीज जुळत नाही, आणि यंत्र म्हणतं की डबा वाटेत सांडलेला दिसतोय, मी घेत नाही. पण ही बेरीज गुप्त नसते. रीत कळली की कुणीही नवी बेरीज मांडू शकतो.

दुसरा प्रकार असतो डिजिटल सहीचा. तो समजायला आपल्याला लांब जायला नको. शिवकालीन पत्रांत वर राजमुद्रेचा शिक्का असे आणि मजकूर संपला की खाली मोर्तब असे. मोर्तब झाल्यावर पुढे कुणी एक ओळ वाढवली तर ती लबाडी लगेच उघडी पडे. ‘शिक्कामोर्तब’ हा आपला शब्द तिथूनच आला. डिजिटल सही हे फर्मवेअरचं शिक्कामोर्तब. कंपनीकडे एक गुप्त किल्ली असते, तिनं सही होते. यंत्राच्या चिपमध्ये फक्त ती सही तपासायची सोय असते. बेरीज तुम्ही नव्यानं मांडू शकता, पण शिक्का तुमच्याकडे नसतो. पुढचा सगळा इतिहास हा बेरजेकडून शिक्क्याकडे झालेला प्रवास आहे.

पहिली गोष्ट स्वीडनमधली. २००० च्या सुमारास आर्कोस या फ्रेंच कंपनीनं ज्यूकबॉक्स नावाचा प्लेअर बाजारात आणला. आत सहा गिगाबाइटची हार्ड डिस्क, म्हणजे शंभरेक सीडी खिशात. यंत्र दणकट होतं, पण त्यातलं सॉफ्टवेअर कच्चं होतं. २००१ च्या डिसेंबरमध्ये ब्यॉर्न स्टेनबर्ग, डॅनियल स्टेनबर्ग आणि लिनुस निल्सन फेल्ट्सिंग यांनी स्वतःचं फर्मवेअर लिहायला घेतलं. त्याचं नाव रॉकबॉक्स.

त्यांच्या पथ्यावर पडलेली गोष्ट अशी की हा प्लेअर सुरू होताना डिस्कवर एक ठरावीक नावाची फाइल शोधायचा आणि सापडली तर तीच चालवायचा. ती फाइल थोडी गोंधळवून ठेवलेली असे, म्हणजे बाइट उलटसुलट केलेले, आणि वर लांबी व बेरीज. ते कोडं सुटल्यावर दार उघडं झालं. आपली फाइल त्याच पद्धतीनं गोंधळवायची, बेरीज लिहायची आणि डिस्कवर ठेवायची. बिघडलं तर फाइल पुसली की जुनं फर्मवेअर परत. आतला प्रोसेसर साधारण बारा मेगाहर्ट्‌झचा आणि मेमरी दोन मेगाबाइट. एवढ्यात त्यांनी सगळं बसवलं.

पुढे आयरिव्हर कंपनीचे प्लेअर आले तेव्हा काम अवघड झालं. तिथे डिस्कवरची फाइल आपोआप चालत नव्हती. मग रॉकबॉक्सच्या लोकांनी खऱ्या अर्थानं बांधाबांध केली. कंपनीचं मूळ फर्मवेअर तुम्ही स्वतः उतरवून घ्यायचं. रॉकबॉक्सचं एक छोटं साधन ती फाइल ओळखीची आहे ना हे तिच्या ठशावरून तपासायचं, तिच्यात रॉकबॉक्स सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम घुसवायचं आणि डबा पुन्हा बंद करून द्यायचं. मग प्लेअरच्या स्वतःच्या अपडेट मेनूतून तो आत घालायचा. कंपनीचा मजकूर ते स्वतः वाटत नव्हते, कारण तो कंपनीच्या मालकीचा होता. या सचोटीमुळे हा प्रकल्प टिकला असं मला वाटतं. जुनं फर्मवेअरही आत तसंच राही, आणि एक बटण दाबून धरलं की तेच सुरू होई.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. रॉकबॉक्समध्ये बोलणारे मेनू आले. बटण दाबलं की मेनूतला पर्याय ऐकू येतो, फोल्डर आणि गाण्याची नावंही ऐकू येतात. दृष्टिहीन माणसाला पडद्यावरची यादी काय उपयोगाची? अॅपलनं आयपॉड नॅनोमध्ये बोलणारे मेनू २००८ साली दिले. त्याच्या कितीतरी आधी जगभरातले दृष्टिहीन श्रोते रॉकबॉक्स घातलेल्या साध्या प्लेअरवर स्वतःचं संगीत स्वतः निवडत होते. कंपन्यांच्या हिशेबात हे गिऱ्हाईक बसत नव्हतं. ज्यांना यंत्र उघडता आलं त्यांनी ती उणीव भरून काढली.

आपल्या भाषेचंही तसंच आहे. मराठी गाण्याच्या फाइलला देवनागरीत नाव द्या आणि जुन्या प्लेअरवर किंवा टीव्हीवर बघा. बहुतेक वेळा रिकाम्या चौकटींची रांग दिसेल. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, मग अडचण कुठे? पहिली अडचण फॉन्टची. फाइल सिस्टिमचा पुडा उघडून फॉन्ट बदलता येतो. पण मग दुसरी अडचण येते. ‘विठ्ठल’ हा शब्द साठवताना आधी ‘व’ येतो आणि मग वेलांटी, पण दाखवताना वेलांटी आधी हवी, आणि ‘ठ्ठ’ जोडून हवा. हे काम करणारा स्वतंत्र प्रोग्रॅम लागतो. तो नसेल तर फॉन्ट असूनही वेलांटी भलत्या जागी आणि पाय मोडलेली अक्षरं सुटी सुटी दिसतात. फॉन्ट बदलणं एका संध्याकाळचं काम, तो प्रोग्रॅम बसवणं महिन्यांचं. माझं शिक्षण व्यवस्थापनाचं आहे, त्यामुळे कंपनीचा हिशेब मला कळतो. खर्च ठरलेला, आणि मराठीत नावं वाचणारं गिऱ्हाईक किती, हे त्यांना ठाऊक नाही. म्हणून ते होत नाही. कंपनी करत नसेल तर दुसऱ्या कुणाला करू द्यावं, एवढीच अपेक्षा असते.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली, टिव्होची. १९९९ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या या कंपनीनं टीव्हीवरचे कार्यक्रम हार्ड डिस्कवर मुद्रित करणारा डबा आणला. आत लिनक्स होतं. डब्यावर फार नफा नव्हता, कमाई होती वर्गणीतून. सुरुवातीला महिना ९ डॉलर ९५ सेंट किंवा कायमची १९९ डॉलर. लोकांनी लगेच डबे उघडले, डिस्क काढून घरच्या संगणकाला जोडली, मोठी डिस्क बसवली. चौदा तासांचं मुद्रण कितीतरी पटींनी वाढलं. काहींनी सुरू होतानाची फाइल बदलून आत शिरण्याची वाट काढली. वर्गणी चुकवली जात नाही तोवर कंपनीही फारशी रागावली नाही.

मग वारं फिरलं. २००१ च्या अखेरीस चित्रपट आणि टीव्हीच्या बड्या कंपन्यांनी टिव्होच्या स्पर्धकावर, रिप्लेटीव्ही विकणाऱ्या सॉनिकब्ल्यूवर, खटले भरले. जाहिराती आपोआप गाळणं आणि मुद्रित कार्यक्रम इंटरनेटवरून दुसऱ्याला पाठवणं हे आक्षेपाचे मुद्दे. २००३ च्या मार्चमध्ये सॉनिकब्ल्यूनं दिवाळखोरी जाहीर केली. धंद्यात शेजाऱ्याचं घर जळताना बघितलं की माणूस आपल्या दारांना कड्या लावतो.

टिव्होच्या दुसऱ्या पिढीच्या डब्यांत शिक्कामोर्तब आलं. सुरुवातीची चिप कर्नलची सही तपासायची. सही जुळली तरच कर्नल चालू. मग कर्नलसोबतचा छोटा प्रोग्रॅम बाकीच्या फाइल तपासायचा आणि बदललेली फाइल दिसली की काढून टाकायचा. अशी साखळी.

यात कायद्याचा एक पेच होता. लिनक्सचा कर्नल जीपीएल या परवान्याखाली मिळतो. त्याची अट अशी की हे सॉफ्टवेअर यंत्रात घालून विकलंत तर त्याचा मूळ कोड गिऱ्हाइकाला मागितल्यावर द्यायचा. टिव्होनं कोड दिला. अक्षरशः अट पाळली. पण तो कोड बदलून तुम्ही परत डब्यात घातलात तर डबा तो चालवणारच नाही, कारण सहीची किल्ली कंपनीकडे. पाककृती हातात दिली, पण स्वयंपाकघराला कुलूप. जीपीएलचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं या प्रकाराला ‘टिव्होआयझेशन’ असं नावच दिलं. दीड वर्षाच्या चर्चेनंतर २९ जून २००७ रोजी जीपीएलची तिसरी आवृत्ती आली. तिच्यात घरगुती वापराच्या यंत्रांसाठी अट घातली गेली: कोडसोबत, बदललेला कोड यंत्रावर बसवायला जे लागतं तेही द्यायचं.

पण गंमत बघा, लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्‌स यांना ही अट पटली नाही. त्यांचं म्हणणं होतं की कोड परत मिळाला की माझं समाधान, यंत्र कसं बनवायचं ते बनवणाऱ्यानं ठरवावं. लिनक्सचा कर्नल आजही दुसऱ्या आवृत्तीवर आहे. दोन्ही माणसं आपल्या जागी प्रामाणिक होती. एकानं प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडून विचार केला, दुसऱ्यानं वापरणाऱ्याकडून. मी धंद्याच्या बाजूनं बोलणारा माणूस, तरी इथे मला वापरणाऱ्याची बाजू जड वाटते. कंपनी बंद पडते, मॉडेल जुनं होतं, सेवा थांबते. डबा मात्र आपल्याकडेच उरतो.

तिसरी गोष्ट कोर्टातली. बिझीबॉक्स नावाचा एक प्रोग्रॅम आहे. ब्रूस पेरेन्स यांनी तो नव्वदच्या दशकात लिहिला, कारण डेबियन लिनक्स बसवायची सगळी साधनं एका फ्लॉपीत मावायला हवी होती. पुढे हाच प्रोग्रॅम जगभरच्या टीव्ही, राउटर आणि मीडिया प्लेअरमध्ये शिरला, कारण तो लहान होता आणि फुकट होता. कंपन्या फुकट घेत, पण कोड द्यायची अट विसरत. हौशी लोक फर्मवेअरचे डबे उघडत तेव्हा आत बिझीबॉक्स सापडे, आणि तोच पुरावा ठरे.

२००७ च्या सप्टेंबरमध्ये बिझीबॉक्सच्या दोन लेखकांनी मॉन्सून मल्टिमीडिया या कंपनीवर अमेरिकेत खटला भरला. घरचा टीव्ही दुसरीकडे पाहू देणारं यंत्र ती विकत होती. जीपीएल मोडल्याबद्दल अमेरिकेतला हा पहिला खटला मानला जातो, आणि महिनाभरात समेट झाला. २००९ च्या डिसेंबरमध्ये एकदम चौदा कंपन्यांवर खटला आला. त्यांतल्या वेस्टिंगहाउस डिजिटल या टीव्ही विकणाऱ्या कंपनीनं बाजू मांडणंच सोडलं. २०१० साली न्यायमूर्ती शिरा शाइंडलिन यांनी ९० हजार डॉलरची भरपाई ठरवली आणि त्या सॉफ्टवेअरचे उरलेले टीव्ही वादींच्या हवाली करायला सांगितलं.

१९ ऑक्टोबर २०२१ रोजी सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेनं कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीत व्हिझिओ कंपनीवर दावा लावला. आधीचे खटले प्रोग्रॅमच्या लेखकांच्या हक्कावर उभे होते. इथे संस्था म्हणाली, आम्ही दुकानातून टीव्ही विकत घेतलेलं गिऱ्हाईक आहोत, आणि परवान्यातलं वचन आम्हाला दिलेलं आहे. व्हिझिओनं प्रकरण फेडरल कोर्टात नेलं. २०२२ साली त्या कोर्टानं ते राज्याच्या कोर्टात परत पाठवलं, कारण हा प्रश्न नुसत्या कॉपीराइटचा नसून कराराचाही आहे. म्हणजे टीव्ही घेणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्या माणसाला विचारण्याचा हक्क आहे का, हा प्रश्न कोर्टासमोर आला.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी आणखी एक कायदा लक्षात ठेवावा. १९९८ च्या डीएमसीए कायद्यानं डिजिटल कुलूप तोडणं गुन्हा ठरवलं. दर तीन वर्षांनी काही सवलती ठरतात. २०१५ साली स्मार्ट टीव्हीला सवलत मिळाली, आपल्या टीव्हीवर आपले कायदेशीर प्रोग्रॅम चालवण्यापुरती. फुकट सिनेमे बघण्यासाठी ती नाही. इतर देशांत नियम वेगळे आहेत, तुमच्या देशाचा बघून घ्या.

आता नाण्याची दुसरी बाजू. डबा उघडून बांधायची विद्या चांगल्या माणसाला येते तशी चोरालाही येते. ‘सगळे भारतीय चॅनेल फुकट, महिन्याला काही नाही’ असं सांगून विकले जाणारे अँड्रॉइडचे स्वस्त डबे आपल्या ओळखीत कुणाकडे तरी असतील. २०२३ च्या सुरुवातीला टी-९५ नावाच्या अशाच एका डब्याच्या फर्मवेअरमध्ये आधीच घातलेला घातक प्रोग्रॅम सापडला. वापरणाऱ्यानं काहीही चूक केली नव्हती, डबा खोक्यातूनच तसा आला होता. त्याच वर्षी अशा यंत्रांच्या एका मोठ्या जाळ्याला अभ्यासकांनी बॅडबॉक्स नाव दिलं. २०२५ च्या जूनमध्ये एफबीआयनं जाहीर इशारा दिला की या जाळ्याच्या पुढच्या आवृत्तीत लाखो घरगुती यंत्रं अडकली आहेत आणि गुन्हेगार त्यांच्या आडून इंटरनेट वापरतात. म्हणजे आई-बाबांना मालिका बघता याव्यात म्हणून आणलेला डबा तुमच्या घरच्या पत्त्यावरून भलत्याच उचापती करत असतो.

म्हणून शिक्कामोर्तब मुळात वाईट नाही. दाराला कुलूप हवंच. वाद आहे तो किल्ली कुणाकडे असावी याचा. घर आपलं असेल तर किल्लीची एक जोडी आपल्याकडे असावी, एवढंच या सगळ्या मंडळींचं मागणं होतं.

शेवटी चार कामाच्या गोष्टी. टीव्हीच्या मेनूत ‘ओपन सोर्स लायसन्स’ असा एक रटाळ पर्याय असतो. एकदा उघडून बघा, तुमच्या घरात कुणाकुणाचं काम नांदतंय ते कळेल. नवीन यंत्र घेताना अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. सेवा थांबलेलं यंत्र फेकण्याआधी त्याच्यासाठी मोकळं फर्मवेअर आहे का ते शोधा. आणि मुलांना हौस असेल तर घरातलं सगळ्यात जुनं, बंद पडलं तरी चालेल असं यंत्र त्यांच्या हाती द्या. मूळ इमेजची प्रत आधी काढून ठेवायला सांगा, अपडेट चालू असताना वीज जाऊ देऊ नका. अर्धवट लिहिलं गेलं तर यंत्राची वीट होते, तंत्रज्ञ खरोखर तोच शब्द वापरतात, आणि ही वीट अशी की तिच्यावर विठ्ठलही उभा राहायचा नाही.

पण वीट झाली तरी त्या मुलाला एक गोष्ट कळलेली असेल: डब्याच्या आत जादू नसते, कुणीतरी लिहिलेलं काहीतरी असतं, आणि ते वाचता येतं. पुढच्या वेळी कुणी म्हणालं की हे असंच असतं, याला हात लावायचा नाही, तर ते मूल निदान ‘का’ म्हणून विचारेल.